थोरल्याचे सुटे सूर

धाकट्याने साठी ओलांडली तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. स्टुडिओच्या दारावरचा माणूस म्हणे, वाजवणारे म्हणत, एवढंच काय, त्याच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता ती पोरंपोरीही "धाकटे सर आले का?" असं विचारत. यात कुणाचा खोडसाळपणा नव्हता. एके काळी दोघे भाऊ एकाच खोलीत वाजवायला बसत. थोरला चेलो घेऊन, धाकटा व्हायोला, म्हणजे जरासं मोठं व्हायोलिन, घेऊन. खरी नावं कोण लक्षात ठेवतो? हाक मारायला थोरला-धाकटा सोयीचं पडायचं. पुढे थोरला यायचा बंद झाला आणि धाकटा मात्र जन्माचा धाकटा राहिला.

चेलो म्हणजे व्हायोलिनचाच थोराड भाऊ. खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा, आणि आवाज माणसाच्या छातीतून निघाल्यासारखा. थोरल्याला तो शोभायचा. थोरला स्वतःही तसाच होता: रुंद, कमी बोलणारा, आणि बोललाच तर खर्जात. धाकटा बरोबर उलटा. तोंडाने वाचाळ, बोटांनी बेताचा. आपण वाजवण्यात फार पुढे जाणार नाही हे त्याने पंचविशीतच ओळखलं. याबद्दल त्याला शाबासकी द्यायलाच हवी, कारण पुष्कळांना ते मरेपर्यंत कळत नाही आणि आपल्याला ऐकावं लागतं. त्याने व्हायोला पेटीत ठेवला आणि तो संयोजक झाला. म्हणजे काय, तर चित्रपट पुन्हा पुन्हा पाहायचा, कुठे संगीत हवं, कुठे नको, हवं तर कुठल्या वाद्याचं, कुणी कधी शिरायचं आणि कधी गुमान बसायचं ते ठरवायचं, आणि तसं लिहून द्यायचं. हे सगळं करणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं तोवर प्रेक्षक दारापाशी पोचलेले असतात. धाकट्याची त्याला हरकत नव्हती. त्याची हरकत दुसऱ्याच गोष्टीला होती, आणि ती गोष्ट त्याने स्वतःच केलेली होती.

बावीस वर्षांपूर्वी काही मंडळी एक कल्पना घेऊन आली. एकेका वाद्याचा एकेक सूर सुटा मुद्रित करायचा आणि यंत्रात भरायचा. मग पट्ट्या दाबल्या की ते वाद्य वाजणार, वाजवणारा घरी झोपलेला असला तरी. त्यांना चेलोसाठी उत्तम माणूस हवा होता. धाकट्याने थोरल्याला गळ घातली.

"नुसतं कच्च्या कामासाठी रे दादा. दिग्दर्शकाला आधी नमुना ऐकवायला. खरं वाजवायला तूच."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचा त्यावर विश्वास होता. निदान सोमवार ते शुक्रवार तरी होता.

तीन आठवडे थोरला एका बंद खोलीत बसून सुटे सूर वाजवत होता. प्रत्येक तारेवरचा प्रत्येक सूर आधी हळू, मग मध्यम, मग जोरात. लांब गज, आखूड गज, बोटाने छेडून. आणि हे सगळं चार-चार वेळा, कारण एकच सूर हुबेहूब तसाच पुन्हा आला तर ऐकणाऱ्याला यंत्र असल्याचा वास येतो. तीन आठवड्यांत त्याला एकही चाल वाजवू दिली नाही. शेवटच्या दिवशी त्याने विचारलं, "आता मी काहीतरी वाजवू का?" तर पलीकडचा म्हणाला, "झालं साहेब, आमचं सगळं मिळालं." थोरला हसला आणि त्याने गज सैल करून पेटीत ठेवला.

पुढचं कुणीही सांगेल. पहिल्या वर्षी नमुन्यासाठी, दुसऱ्या वर्षी घाईच्या कामासाठी, तिसऱ्या वर्षी "या प्रसंगात काय, मागे नुसता गुणगुणाट तर हवाय" म्हणून. पाचव्या वर्षी थोरल्याला बोलावणं यायचं थांबलं. भांडण नाही, तंटा नाही, कुणी कुणाला काढून टाकलं नाही. नुसतं कुणी बोलावलं नाही. आणि न बोलावणाऱ्यांत धाकटा होता, कारण त्याच्या यंत्रात थोरला चोवीस तास हजर होता, न थकता, न चुकता, चहाही न मागता.

थोरल्याने काही वर्षं मुलांना शिकवलं. मग मेव्हण्याच्या चष्म्याच्या दुकानात बसायला लागला. तिथे त्याचा हात फार चांगला होता म्हणे. काडी गरम करायची, अंगठ्याने हळूच वाकवायची, गिऱ्हाइकाच्या कानामागे बसवायची आणि विचारायचं, "टोचतंय का?" कुणाला टोचत नसे. धाकट्याला त्याने कधी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. उलट त्याने थट्टा सुरू केली. यंत्रातल्या आपल्या आवाजाला तो "तो" म्हणायचा. फोनवर विचारायचा, "काय रे, तो कसा आहे? तब्येत ठीक ना त्याची? परवा दंतमंजनाच्या जाहिरातीत ऐकला. बरा वाजवतो, पण संगत सुधारायला हवी." धाकटा हसायचा आणि घाईने फोन ठेवायचा.

या बावीस वर्षांत त्याला एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्याने बायकोशिवाय कुणाला सांगितली नव्हती. थोरल्याचे हात आहेत तोवर एकदा, एका चांगल्या चित्रपटात, एका चांगल्या प्रसंगात त्याने खरंखुरं वाजवावं, आणि पडद्यावर त्याचं नाव यावं. बस. तेवढं झालं की आपण ताठ मानेने मरू, असं त्याला वाटे.

तशी वेळ आली. एक नवी दिग्दर्शिका त्याच्याकडे आपला चित्रपट घेऊन आली. पस्तिशीची, केस बारीक कापलेले, बोलताना पेन्सिल चावणारी. चित्रपट एका म्हाताऱ्याचा होता. त्याची बायको गेलीय. ती शिलाईचं काम करायची, आणि त्याने आयुष्यात कधी तिच्या मशीनला हात लावला नव्हता. एक दिवस तो मशीनसमोर बसतो आणि सुईत दोरा ओवायला लागतो. तीन मिनिटं दहा सेकंद. ओवता येत नाही, आणि तो उठतही नाही. संवाद एकही नाही.

धाकट्याच्या छोट्या खोलीत दोघांनी मिळून चित्रपट पाहिला. या प्रसंगाला ती म्हणाली, "सर, बाकी सगळं तुम्ही कसंही करा. इथे मला खरा माणूस हवा. एकच वाद्य, एकच माणूस. श्वास ऐकू आला तरी चालेल, चुकला तरी चालेल."

"माझा भाऊ आहे," धाकटा म्हणाला. इतक्या घाईने म्हणाला की तिने पेन्सिल तोंडातून काढून त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो चष्म्याच्या दुकानात गेला. थोरला काउंटरमागे स्टुलावर बसून कुणाच्या तरी काचा पुसत होता.

"मी? वेड लागलंय का तुला?" थोरला म्हणाला. "अरे, पेटी उघडून चार वर्षं झाली. तारासुद्धा गंजल्या असतील."

"तारा मी आणतो."

"आणि बोटं? बोटंही आणतोस का कुठून?"

"दादा, तिला खरा माणूस हवाय. म्हातारा हवाय. चुकणारा हवाय."

"असं सरळ सांग ना की मी म्हातारा आणि चुकणारा आहे," थोरला म्हणाला, आणि पुन्हा काच पुसायला लागला. ती काच केव्हाचीच स्वच्छ झाली होती. मग मान वर न करता त्याने विचारलं, "किती दिवस आहेत?"

"दोन महिने."

"बघू."

थोरल्याचं 'बघू' म्हणजे हो असतं, हे धाकट्याला लहानपणापासून माहीत होतं. परतताना तो तीन थांबे आधीच उतरून चालत घरी गेला, इतकं त्याला हलकं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भावजी, हे दुपारी जेवायला घरी येतात आणि जेवतच नाहीत. आतल्या खोलीचं दार लावून वाजवत बसतात. ताट झाकून झाकून माझा जीव जातो."

"वाजतंय कसं?"

"मला काय कळतंय त्यातलं? पण भावजी, काल मी दाराबाहेर बसून राहिले तासभर. घरात कुणीतरी परत आल्यासारखं वाटतंय." असं म्हणून त्या रडायला लागल्या.

इकडे कामाची रीत म्हणून त्याने त्या प्रसंगाचा नमुना करून दिला. संकलनाला बसायचं तर कानाशी काहीतरी लागतंच. कुठे चित्र तोडायचं, कुठे धरून ठेवायचं, ते सुरावर ठरतं. चाल त्याने लिहिली होती ती सोपी होती, खालून सुरू होऊन हळूहळू चढत जाणारी, आणि म्हातारा दोरा तोंडात ओला करतो तिथे एकदाच अगदी वर जाऊन थांबणारी. ती त्याने यंत्रातल्या थोरल्याकडून वाजवून घेतली आणि पाठवून दिली. हे तो प्रत्येक चित्रपटाला करत आला होता. यात एक रोग दडलेला असतो, हेही त्याला ठाऊक होतं. सहा आठवडे तोच नमुना ऐकून सगळ्यांच्या कानांना त्याचीच चटक लागते, आणि मग खरं येतं तेव्हा ते परकं वाटतं. नवशिक्यांना त्याने यावर लांबलचक व्याख्यानं दिली होती. पण आपल्या घरचं माणूस त्या रोगाला कसं सापडेल?

मुद्रणाचा दिवस उजाडला. सकाळी दहाची वेळ होती, थोरला सव्वानऊलाच येऊन स्टुडिओच्या तळघरातल्या खोलीत बसला होता. भिंतींना करड्या नमद्याचं अस्तर, कोपऱ्यात मोडक्या पायाची खुर्ची, मधोमध माइकचा उंच दांडा. इस्त्रीचा शर्ट, पँटही नवीच. त्याला ओळखणारं तिथे एकच माणूस उरलं होतं: ध्वनिमुद्रक, ज्याला सगळे मीटर म्हणत, कारण त्याची नजर माणसाच्या तोंडाकडे कमी आणि आवाज मोजणाऱ्या काट्याकडे जास्त असे. मीटर जागेवरून उठून बाहेर आला आणि त्याने थोरल्याला वाकून नमस्कार केला. मीटर कुणासाठी उठल्याचं धाकट्याने त्याआधी पाहिलं नव्हतं.

"एक सांगतो," थोरला धाकट्याला बाजूला घेऊन म्हणाला. "तो एक वरचा सूर आहे ना, तिथे बोट जात नाही आता. आखडतं. मी तो खालीच घेतो. चालेल?"

"चालेल रे. उलट बरंच."

थोरल्याने नऊ वेळा वाजवलं. नऊही वेळा वर न जाता तो खालीच थांबला. काचेच्या अलीकडे धाकटा डोळे मिटून ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याच्या मनात पाल चुकचुकली. आवाज खरखरीत होता. गज मध्येच तारेवर घसरत होता, दोन-तीन ठिकाणी सूर किंचित उतरत होता, आणि श्वास तर ऐकू येतच होता. हे दुःख होतं की नुसतं वय? त्याला कळेना. ज्या माणसाने आयुष्यभर कान विकून पोट भरलं त्याला एवढं कळू नये? त्याने सातवं वाजवणं निवडलं, ते बरं म्हणून नव्हे, काहीतरी निवडायला हवं म्हणून.

"चित्राबरोबर ऐकू या," दिग्दर्शिका म्हणाली.

थोरला घाम पुसत आत आला आणि मागच्या कोचावर टेकला. मीटरने पडद्यावर प्रसंग लावला. त्याच्या यंत्रावर एकाखाली एक दोन ओळी होत्या: वरची थोरल्याच्या सातव्या वाजवण्याची, खालची जुन्या नमुन्याची. एक उघडी ठेवायची, दुसरी बंद करायची. तीस वर्षांत मीटरने हे हजारो वेळा केलं असेल. त्या दिवशी त्याने उलट केलं.

म्हातारा सुई धरून बसला. चेलो सुरू झाला. धाकट्याला वाटलं, अरे, किती छान लागलंय हे! आपण उगाच घाबरलो. त्याचा जीव भांड्यात पडला. दिग्दर्शिकेने पेन्सिल खाली ठेवली. म्हाताऱ्याने दोरा ओठांत धरला आणि चाल चढत चढत गेली, वर, अगदी वर, आणि तिथे थांबली.

हा सूर थोरल्याने घेतलाच नव्हता. धाकट्याने यंत्राकडे पाहिलं. वरची ओळ बंद होती. मीटरनेही त्याच क्षणी पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. धाकट्याने मागे वळून पाहिलं. थोरला पडद्याकडे पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

प्रसंग संपला. दिग्दर्शिका म्हणाली, "झालं. हेच. याला आता कुणी हात लावू नका."

"जमलं रे," थोरला म्हणाला. "मला वाटलं नव्हतं."

मीटर धाकट्याकडे बघत होता. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलायचं होतं: थांबा, चुकून दुसरंच लागलं. चूक मीटरची होती, कुणी कुणाला खाल्लं नसतं. हसून पुन्हा ऐकलं असतं. पण थोरल्याचे डोळे ओले होते, दिग्दर्शिका त्याचे दोन्ही हात हातात घेऊन उभी होती, आणि धाकट्याला स्वतःचीच भीती वाटत होती. पुन्हा लावलं आणि खरं कमी पडलं तर? ते थोरल्याच्या देखत कमी पडलं तर? त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. मीटरने मान खाली घातली.

त्या सुराचं थोरल्याला कसं कळलं नाही, हे धाकटा स्वतःला पुढे कितीतरी दिवस समजावत राहिला. दमला होता, डोळे भरले होते, चित्र तसं होतं. माणसाला जे ऐकायचं असतं तेच तो ऐकतो. असली समजूत घालायला तो हुशार होता.

तीन आठवड्यांनी पडद्यावरच्या नावांची यादी आली. थोरल्याचं नाव वर, स्वतंत्र पाटीवर, एकट्याचं. धाकट्याने हट्टाने तसं करून घेतलं होतं. यादी खिशात घालून तो दुपारी चष्म्याच्या दुकानात गेला. थोरला एका बाईंच्या कानामागे काडी बसवत होता. त्या गेल्यावर धाकट्याने कागद काउंटरवर पसरला.

थोरल्याने चष्मा लावून वाचलं आणि कागद घडी करून परत दिला. "माझं नाव नको."

"का?"

"ज्याने वाजवलं त्याचं घालावं नाव."

दुकानात पंखा फिरत होता. समोरच्या आरशात धाकट्याला आपलाच चेहरा दिसला आणि त्याने नजर फिरवली.

"तुला कळलं होतं?"

"अरे, माझंच वाजवणं मला कळणार नाही? वर गेला की तो. मी गेलो होतो का वर?"

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू वळून पाहिलंस ना माझ्याकडे. तुझं तोंड पाहिलं. म्हटलं, याला तेच हवंय, आणि मला सांगायची याची हिंमत होत नाही. एवढा आटापिटा केलास माझ्यासाठी. कशाला तोंडघशी पाडायचं तुला सगळ्यांदेखत?"

"मला ते नको होतं, दादा. चुकून लागलं. मीटरच्या हातून चुकलं."

थोरल्याने चष्मा काढला. "चुकून?"

"शपथ."

"मग तू का नाही बोललास?"

याला धाकट्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. तो घाईघाईने म्हणाला, "अजून वेळ आहे. परवा आवाजाची शेवटची जोडणी आहे. मी तुझं घालतो. सातवं वाजवलंस ते."

"ती मुलगी ऐकेल?"

"तिला मी बघतो. तिनेच तर म्हटलं होतं, खरा माणूस हवा."

"घालशील?" थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं की धाकट्याला खाली बघावं लागलं. बावीस वर्षांत थोरल्याने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं.

"घालतो."

"मग राहू दे नाव," थोरला म्हणाला, आणि कागद पुन्हा उघडून त्याने एकदा वाचला.

धाकटा दुसऱ्या दिवशी सकाळीच स्टुडिओत गेला. त्याने मीटरला फक्त दोन ओळी लावायला सांगितलं आणि म्हणाला, "तू जरा चहा घेऊन ये." मीटरला कळलं. तो गेला.

खोलीत कुणी नव्हतं. धाकट्याने खालची ओळ बंद केली, वरची उघडली, आणि प्रसंग लावला. थोरला वाजवायला लागला. श्वास, गजाची खरखर, उतरलेला सूर. म्हाताऱ्याने दोरा ओठांत धरला आणि चाल चढता चढता अडली आणि खाली बसली. धाकट्याने डोळे मिटले. त्याने मनाला बजावलं: हा माझा भाऊ आहे. हा दोन महिने न जेवता वाजवत बसला होता. हे खरं आहे, हेच हवं होतं, आवडून घे. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. सहाव्यांदा त्याला जरासं काहीतरी वाटल्यासारखं झालं, पण ते ऐकल्यामुळे वाटलं की वाटायला हवं म्हणून वाटलं, हे तो सांगू शकला नसता.

मग त्याने दुसरी ओळ लावली. नुसती तुलनेसाठी, असं त्याने स्वतःला सांगितलं. सूर भरून आला, गोल, स्वच्छ, चव्वेचाळीस वर्षांच्या थोरल्याचा, ज्या थोरल्याला कुणी चाल वाजवू दिली नव्हती. तो वर गेला आणि थांबला. धाकट्याच्या अंगावर काटा आला. त्याने आणला नव्हता, आपसूक आला. आणि मग त्याला रडू कोसळलं, कारण आता काही शंकाच उरली नव्हती. दिग्दर्शिकेचा प्रश्न नव्हता, मीटरच्या चुकीचा प्रश्न नव्हता. त्याला स्वतःला हेच आवडत होतं. कान बाटले होते म्हणा, नाही तर थोरल्याचं खरंच संपलं होतं म्हणा. यांतलं कुठलं खरं, ते सांगणारे कान आता त्याच्याकडे नव्हते, आणि दुसऱ्या कुणाकडून उसने आणता येत नव्हते.

मीटर चहा घेऊन आला तेव्हा धाकटा तोंड धुऊन बसला होता. "खालचीच ठेव," तो म्हणाला. "आणि नावांची यादी करणाऱ्यांना कळव, ती स्वतंत्र नावाची पाटी काढून टाका."

"थोरल्यांची?"

"हो."

मीटरने चहा त्याच्यासमोर ठेवला आणि तो काट्याकडे बघत बसला.

संध्याकाळी धाकटा घरी आला. बायको भाजी निवडत बसली होती. "काय झालं? घातलं का दादांचं?"

"नाही."

"का? त्या बाई नको म्हणाल्या?"

"त्यांना विचारलंच नाही. दुसरं चांगलं होतं."

बायकोचे हात थांबले. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला नाही नाही ते ऐकवलं होतं. आता ती म्हणाली ती इतकंच, "त्यांना काय सांगणार आहात?"

त्याने सांगायचं ते येताना वाटेतच ठरवलं होतं. फोन लावला. पहिल्याच घंटीला थोरल्याने उचलला, म्हणजे तो हातात घेऊनच बसला असणार.

"दादा, नाही जमलं रे. मी खूप सांगितलं तिला. ऐकेचना. तिचा चित्रपट, तिचंच चालणार."

थोरला बोलला, आणि त्याचा आवाज समजूत घालणाऱ्याचा होता, लहानपणी धाकटा गुडघे फोडून घरी यायचा तेव्हाचा.

"असू दे. मनाला लावून घेऊ नकोस. त्या पोरीला काय कळतंय? तू भांडलास ना माझ्यासाठी?"

बायको त्याच्याकडे बघत होती.

"हो, दादा," धाकटा म्हणाला. "भांडलो."

"मग झालं तर," थोरला म्हणाला. "मला तेवढंच हवं होतं."